सात नंबरचा आवाज

आमच्या कंपनीत त्यांना सगळे भोंगासाहेब म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं साहेब. हुद्द्यानं ते कामगार कल्याण अधिकारी होते, आणि कामगारांचं कल्याण म्हणजे कॅन्टीनचा चहा, गणपतीतलं नाटक आणि सुरक्षा सप्ताह अशी कंपनीची सुटसुटीत समजूत होती. नाव पडलं ते पहिल्याच आठवड्यात. नोकरीला लागून चार दिवस होताहेत तोवर हे मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "आपला भोंगा रडका आहे. सकाळी माणसं कामावर येतात, मयताला नाही."

मोठ्या साहेबांनी विचारलं, "मग काय करू या?"

"भोंगा बदलू या."

भोंगा काही बदलला नाही. साहेब मात्र पुढची सगळी वर्षं भोंगा वाजला की असतील तिथे थांबून दोन्ही कानांत बोटं घालत. पिंपरीत आमच्याकडे कुणी पाहुणा आला, की गेटापाशी नेऊन आम्ही त्याला आधी हा कार्यक्रम दाखवायचो.

मी त्याच कंपनीत पेंटर. मशीनवर नंबर टाकणं, भिंतीवर 'विडी ओढू नये' लिहिणं आणि दसऱ्याला मोठ्या साहेबांच्या गाडीवर झेंडूच्या माळेला शोभेल असं स्वस्तिक काढणं, ही माझी कला. माझी खोली आणि साहेबांची केबिन यांच्यामध्ये एक प्लायवूडची फळी होती. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं आणि माझ्या ब्रशचा आवाज त्यांना. "पेंटर, आज ब्रश कोरडा चालतोय. टर्पेंटाइन घ्या," असं फळीपलीकडून फर्मान सुटायचं. मी मुद्दाम घ्यायचो नाही.

दारावर कुणी टकटक केली, की हे 'कोण आहे' असं विचारत नसत. टकटक ऐकून आतूनच निकाल देत: "रजा मागायला आलात. मिळणार नाही." बाहेर कधी कॅन्टीनचा कंत्राटदार असे, कधी कंपनीचा डॉक्टर. दहातला एखादा अंदाज बरोबर यायचा आणि तेवढ्यावर उरलेले नऊ त्यांनी आयुष्यभर पचवले. चूक दाखवली तर म्हणत, "टकटक रजेचीच होती. माणूस वेगळा निघाला, त्याला मी काय करू?"

नाटकासाठी म्हणून त्यांनी कंपनीच्या गळी एक स्पूलचा टेपरेकॉर्डर उतरवला होता. शिलाई मशीनएवढं ते धूड. साहेब राहायचे कासारवाडीला, रेल्वेलायनीच्या कडेला. हे यंत्र ते रोज घरी नेत, कारण रात्री कंपनीत ठेवलं तर वॉचमन त्यावर गाणी लावेल ही भीती. मुलं मोठी झाल्यामुळे घरात एक बाबागाडी रिकामी पडली होती. तीत टेपरेकॉर्डर ठेवायचा, वर दुपटं टाकायचं, आणि हे टाय लावलेले गृहस्थ बाबागाडी ढकलत कासारवाडीहून पिंपरीला पायी निघायचे. वाटेत एखादी बाई कौतुकानं वाकून विचारायची, "किती महिन्यांचं हो?" साहेब गंभीरपणे सांगायचे, "नवीनच आहे. जपून बोला, सगळं ऐकतंय."

त्यांच्या घरी मी एकदाच जेवलो. दर थोड्या वेळानं गाडी जायची, आणि गाडी गेली की साहेब घास हातात धरून थांबायचे. "लोणावळ्याकडून आली. एका डब्याचं चाक चपटं झालंय." वहिनी वाढता वाढता मला म्हणाल्या, "भावजी, एवढा संसार झाला, पण रागावून एक भांडं आपटायची सोय नाही. आपटलं की हे म्हणणार, पुन्हा एकदा आपट, जरा लांबून."

आता घोड्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण साहेबांचं सगळं तत्त्वज्ञान तिच्यात आहे. गणपतीत आम्ही ऐतिहासिक नाटक बसवलं. महाराज घोड्यावरून येतात, तो घोडा अर्थात विंगेत. जगात सगळीकडे अशा वेळी नारळाच्या करवंट्या वाजवतात. साहेब म्हणाले, "करवंटीला करवंटीचाच आवाज येतो." आणि बाबागाडी घेऊन चिंचवडच्या टांगा स्टँडवर जाऊन बसले. सबंध दुपार बसले. टांग्याच्या घोड्याला धावायची हौस नव्हती. तो नुसता उभा राहिला, फुरफुरला, आणि शेवटी घोडे उभ्या उभ्या जे करतात ते त्यानं सावकाश, सविस्तर केलं.

प्रयोगात महाराज आले. विंगेतून टेप सुरू झाली. फुर्र झालं, लोक खूश झाले. मग ती दुसरी धार सुरू झाली. ती थांबेना. महाराजांचं वाक्य होतं, "कोण आहे रे तिकडे?" ते त्यांनी फार चुकीच्या जागी म्हटलं. तेव्हा सरदार झालेला आमचा टूलरूममधला फिटर प्रसंग सावरायला पुढे झाला आणि म्हणाला, "महाराज, पाऊस आला वाटतं."

इथून नाटकाचे बारा वाजले. पुढच्या प्रवेशात स्वच्छ चांदण्यात छापा घालायचा होता. चंद्र मी स्वतः रंगवला होता. पडदा उघडल्यावर प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "ओ महाराज, चिखल असेल, दमानं!" छापा घालणारे मावळेही येडेच. ते खरंच पाय उचलून उचलून, चिखलातून चालल्यासारखे चालायला लागले. मोठे साहेब पहिल्या रांगेत डोक्याला हात लावून बसले होते. आमच्या साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र मुलगा पास झाल्यासारखं समाधान. दुसऱ्या दिवशी फळीपलीकडून आवाज आला, "पाहिलंत ना पेंटर? तुमचा चंद्र तसाच होता, पण पाऊस पडला. आवाज बदलला की गोष्ट बदलते. चित्राला कुणी विचारत नाही."

मला याचा राग यायचा. चंद्र चांगला झाला होता.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्याकडे जपानी पाहुणे आले. दोन दिवस त्यांनी सगळं शॉप पाहिलं, वाकून वाकून नमस्कार केले आणि जाताना मोठ्या साहेबांना एक जाडजूड चित्रकथेचं पुस्तक भेट दिलं. कारखान्यातल्या एका कामगाराची गोष्ट, सगळी चौकटी-चौकटींत. पाहुण्यांनी सांगितलं की आमच्याकडे अशी पुस्तकं पुढे टीव्हीवर हलतात, बोलतात. झालं. मोठ्या साहेबांनी ठरवलं की येत्या सुरक्षा सप्ताहात आपणही चित्रकथा करायची आणि तिला बोलतं करायचं. चित्रं पेंटर काढणार, त्यांच्या स्लाइड पुण्यात करून घेणार, आणि त्यांना आवाज द्यायला आपले कल्याण अधिकारी आहेतच. "जपानला जमतं तर पिंपरीला का नाही?" असं ते मीटिंगमध्ये म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे माना डोलावण्याचाच पगार होता.

गोष्टीचा विषयही वरूनच आला: 'बेफिकीर बाबू'. बाबू पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर काम करतो, शेजाऱ्याशी गप्पा मारतो, दात काढतो आणि बोटं गमावतो. हा बाबू कोण, ते सगळ्या कंपनीला माहीत होतं. महिन्यापूर्वी प्रेस शॉपमध्ये सात नंबरच्या प्रेसवर बबनच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. बबन निघोज्याचा, विशी ओलांडलेला, अबोल पोरगा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. टाके निघायच्या आत त्याच्या हातात चार्जशीट पडलं: स्वतःच्या निष्काळजीपणानं अपघात केला, कंपनीचं उत्पादन बुडवलं. इन्क्वायरी चालू होती आणि सुरक्षा सप्ताह आटोपला की निकाल लागणार होता. निकाल काय लागणार, याबद्दल कुणालाही शंका नव्हती. आणि उजव्या हाताला तीन बोटं असलेल्या माणसाला या पट्ट्यातली दुसरी कुठली कंपनी गेटाच्या आत घेणार नव्हती, याबद्दलही नव्हती.

तो माझ्या खोलीत आला होता. हाताला पांढरं बँडेज, दुसऱ्या हातात टोपी. मी नेमका बाबूच्या मिशा काढत होतो. मोठ्या साहेबांनी मिशा बबनसारख्याच हव्यात म्हणून बजावलं होतं.

"पेंटरभाऊ, हे माझंच चित्र हाय ना?"

मी म्हटलं, "बाबूचं आहे."

"म्या पायडल एकदाच दाबलं व्हतं. मशीन खाली आलं, वर गेलं. माल काढाया हात घातला, तर पुन्यांदा आलं. आपनहून. मी हसत बी नव्हतो आन् बोलत बी नव्हतो. पर ऐकतंय कोन?" एवढं बोलून तो गेला. फळीपलीकडे नेहमी काही ना काही खुडबूड चालायची, ती त्या वेळी थांबली होती.

सात नंबरची तपासणी झाली होती. अपघातानंतर कुणीतरी चार नट आवळले, तेल घातलं आणि 'मशीन निर्दोष' असा शेरा मारून दुसऱ्या दिवशी ते सुरू केलं. फक्त त्या प्रेसवर बसणाऱ्याला त्या दिवसापासून माल काढायला एक लांब चिमटा देण्यात आला. मशीन निर्दोष तर चिमटा कशाला, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही चार्जशीट मिळालं असतं.

माझी चित्रं साहेबांनी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मी एका चौकटीत झोकात 'धाड!' असं लिहिलं होतं, अक्षरांतून ठिणग्या उडत होत्या. "हे पुसा. उद्या वास यावा म्हणून चित्रात 'कांदा' लिहाल." मी पुसलं. मग त्यांनी चौकटी टेबलावर ओळीनं मांडल्या आणि पेन्सिलीनं एकेकीवर टकटक करत गेले.

"पाय पायडलवर. इथे एक खट. मग प्रेस खाली. इथे एक धाड. लगेच पुढच्या चित्रात हाताला बँडेज. मग हात आत गेला कधी?"

"गप्पांत होता म्हणून गेला," मी म्हटलं.

"पण धाड झालं तेव्हा डायमध्ये पत्रा होता. पत्रा कापला, मशीन वर गेलं, मग हात आत. आता बोटं जायची तर मशीन पुन्हा खाली आलं पाहिजे. त्यासाठी पुन्हा पायडल. ते चित्र कुठाय?"

मी वैतागून म्हणालो, "साहेब, दोन चौकटींच्या मध्ये झालं असं समजायचं. चित्रकथेत असंच असतं. वाचणारा मधलं मनानं भरतो."

"हां!" साहेब खुर्चीतून उठलेच. "म्हणजे ती पांढरी फट आहे ना, तिथे तुम्ही वाट्टेल ते ढकलून देता. पण टेपला फट नसते, पेंटर. टेप चालूच राहते. तिथे काय भरू?"

मी म्हटलं, "भरा काहीही. तुम्ही घोडा भरलात तेव्हा कुणी विचारलं?"

चित्रं स्लाइडसाठी पुण्याला रवाना झाली, आणि आणखी एक चित्र काढायला मोठ्या साहेबांनी साफ नकार दिला. तेव्हा साहेब बाबागाडी घेऊन प्रेस शॉपमध्ये शिरले. कुठल्याही प्रेसचा आवाज चालेल म्हणून फोरमननं परोपरीनं सांगितलं. साहेब ऐकेनात. "बाबू सात नंबरवर आहे. चित्रात पेंटरनं सात आकडा काढलाय." तो मीच काढला होता, सवयीनं, मशीनवर नंबर टाकणं हेच तर माझं काम. साहेब सात नंबरपाशी स्टूल टाकून बसले. दोन शिफ्ट बसले. कामगार येताजाता चिडवायचे, "काय साहेब, बाळ झोपलं का?" साहेब तोंडावर बोट ठेवायचे.

समारंभाच्या आधी टेप वरच्या लोकांना ऐकवायची पद्धत होती. पर्सोनेल मॅनेजरनं खुर्चीत रेलून ती ऐकली आणि म्हणाला, "वा! अंगावर काटा येतो. जरा अजून मोठ्यानं ठेवा." मीही ऐकली. मला काहीच वावगं वाटलं नाही.

समारंभ कॅन्टीनमध्ये. खिडक्यांना काळे कागद लावलेले, पुढे पडदा, पहिल्या रांगेत मोठे साहेब, त्यांच्या शेजारी प्रमुख पाहुणे म्हणून सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर. मागे बाकांवर पहिल्या शिफ्टचे कामगार. बबन शेवटच्या बाकावर. त्याला मुद्दाम बोलावलं होतं, इतरांना बोध व्हावा म्हणून. मी प्रोजेक्टरवर. टेपवर घंटी वाजली की स्लाइड पुढे सरकवायची, एवढं माझं काम.

बाबू दात काढत आला. बाबूनं गप्पा मारल्या. पर्सोनेल मॅनेजरच्या आवाजात उपदेश झाला. घंटी वाजली, पडद्यावर पायडलवरचा पाय आला.

खट.

घंटी. पडद्यावर प्रेस.

धाड.

मी पुढच्या घंटीची वाट पाहत बोट ठेवून उभा होतो. घंटी आली नाही. पायडलही वाजलं नाही. आलं ते दुसरं,

धाड.

आणि मग मागून, प्रेस शॉपच्या बाकांवरून, कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "डबल मारलं!"

"व्हय की राव! डबल मारलं!"

"पायडल एकच हाय! पुन्यांदा लावा!"

आख्खं प्रेस शॉप उभं राहिलं. रोज आठ तास तो आवाज ऐकणारे कान होते ते. एका पायडलला एकच ठोका पडला पाहिजे, दुसरा पडला तर हात गेला, हे त्यांना कुणी पडद्यावर दाखवायची गरज नव्हती. दात काढणारा बाबू अजून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता, पण आता तो मूर्ख दिसत नव्हता. मीच काढलेला माणूस, आणि मला तो क्षणात निरपराध दिसायला लागला.

इन्स्पेक्टरनं विचारलं, "डबल म्हणजे काय?"

मोठे साहेब घाईघाईनं म्हणाले, "काही नाही, टेप खराब आहे."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. आवाजाचा विषय सोडला तर आमचे साहेब तसे भित्रे. वरच्यांपुढे त्यांचा आवाज आधीच अर्धा व्हायचा. बबनची बाजू घ्या असं कुणी म्हटलं असतं तर ते बाबागाडी घेऊन पळाले असते. पण टेप खराब? ते लाल झाले, टाय सैल केला आणि सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल असं म्हणाले, "टेप खराब? साहेब, ही टेप मी सात नंबरवरून स्वतः घेतली आहे. अस्सल आहे. चला मशीनवर!"

इन्स्पेक्टर उठले. मग मोठ्या साहेबांना उठावंच लागलं.

सात नंबरभोवती सगळी कंपनी जमली. फोरमननं पायडल दाबायचं आणि मशीन वर गेलं की एकानं हाताच्या जागी चिमट्यानं लाकडाची फळी डायमध्ये धरायची, असं ठरलं. खट, धाड. मशीन वर गेलं आणि शहाण्यासारखं थांबलं. पुन्हा दाबलं. एकच. पुन्हा एकच. बराच वेळ एकच. मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं. बबन खांबाला टेकून खाली बघत होता.

साहेबांनी मात्र मशीनच्या अंगाला कान लावला होता. "थांबा. अजून थंड आहे. तापू द्या. थंड असताना ते खोटं बोलतं."

"किती वेळ?" मोठे साहेब घड्याळ पाहत म्हणाले.

"मी कुठे जात नाहीये," साहेब म्हणाले. इन्स्पेक्टरही गेले नाहीत. फोरमन दाबत राहिला. आणि मग, पायडलवरून त्याचा पाय उचललेला सगळ्यांना दिसत असताना, मशीन आपणहून दुसऱ्यांदा खाली आलं. फळीचे दोन तुकडे झाले. बबननं बँडेजचा हात झटकन पाठीमागे लपवला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब तेवढे विजयानं इन्स्पेक्टरकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? टेप उत्तम आहे."

बबनचं चार्जशीट मागे घेतलं गेलं. त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं, नोकरी टिकली. सात नंबर उघडला तेव्हा एका ठोक्यानंतर मशीन थांबवणारा आतला क्लच झिजलेला निघाला. 'बेफिकीर बाबू' पुन्हा कधी दाखवला गेला नाही, आणि जपानचं पुस्तक मोठ्या साहेबांच्या कपाटात गेलं. साहेबांना बढती मिळाली. म्हणजे बदली. चाकणच्या बाजूला कंपनीनं जुन्या मशिनरीसाठी एक गोदाम घेतलं होतं, त्याचे ते प्रमुख झाले. हाताखाली एक वॉचमन आणि भरपूर कावळे. टेपरेकॉर्डर जुना झाला म्हणून त्यांनी तो कंपनीकडून विकत घेतला आणि बाबागाडीत घालून बरोबर नेला.

मधल्या काळात लोक मला विचारायचे, भोंगासाहेबांना खरंच ठाऊक होतं का, की नुसता घोडा लागला? मी ठामपणे सांगायचो, नुसता घोडा. मी स्वतः त्यांना विचारलं होतं, की एवढ्या टेपमधून नेमका तोच ठोका तुम्ही का घेतलात? ते म्हणाले होते, "त्यात पायडल सगळ्यांत स्वच्छ आलं होतं." हे इतकं त्यांना शोभणारं उत्तर होतं की मी दुसरं काही मनातही आणलं नाही.

ऐंशी साल उलटल्यावर एका रविवारी मी चाकणला गेलो. गोदामाच्या दारात साहेब पाठमोरे बसले होते. मी टकटक केली. "विमा एजंट असाल तर नको," ते म्हणाले. म्हणजे सगळं जिथल्या तिथे होतं. थोड्या वेळानं बबन सायकलवरून आला. निघोजं तिथून जवळच. दर रविवारी यायचा, भुईमुगाच्या शेंगा घेऊन. त्या वेळी त्याच्या सायकलवर पुढे एक लहान मुलगी होती. ती उतरून सरळ बाबागाडीत जाऊन बसली, सवयीची असल्यासारखी.

साहेबांना ऐकणारं माणूस मिळालं होतं, आता ते सोडतात कसले. कावळ्यांच्या चार टेप झाल्या. मग म्हणाले, "सात नंबरची मूळ टेप ऐकलीत का तुम्ही? सबंध?" आणि लावली.

खट, धाड. खट, धाड. आम्ही शेंगा खात होतो. खट, धाड. चहा आला, संपला. टेप फिरतेच आहे. एक पायडल, एक ठोका, पुन्हा एक पायडल, एक ठोका. रीळ निम्म्याच्या पुढे गेलं तेव्हा आलं ते: खट, धाड, धाड. बबननं शेंगेचा हात मांडीवर ठेवला. त्यानंतर रीळ संपेपर्यंत पुन्हा एकेकच.

दोन शिफ्ट बसून भरलेल्या त्या रिळात डबल एकदाच होतं. आणि त्याआधीची, त्यानंतरची सगळी पायडलं मी आता नीट कान देऊन ऐकली होती. जन्मभर खोट्या आवाजाचा तिटकारा केलेल्या त्या माणसाबद्दल मला एकाएकी फार प्रेम दाटून आलं.

"साहेब, पायडल तर सगळीकडे सारखंच स्वच्छ वाजतंय."

साहेबांनी टेप बंद केली, रीळ काढून डबीत ठेवलं आणि डबी त्या पोरीच्या मांडीवर, दुपट्याखाली सरकवून दिली.

"तुम्ही रंगारी माणूस," ते म्हणाले. "तुमच्या कानाला काय कळतंय?"